लॉनमध्ये सशाची पिल्लं सापडली: आधी काय तपासायचं, फोन कधी करायचा

एप्रिलमध्ये पहिलं गवत कापायचा शनिवार उजाडला की माझा फोन वाजतो. "काकू, लॉनमध्ये गवताखाली काहीतरी हलतंय!" न्यू जर्सीतल्या या घरात आम्हाला सतरा वर्षं झाली. आमच्याच अंगणात दर दोन वर्षांत एकदा तरी सशीण वितेच, आणि ओळखीपाळखीच्या घरांतले किस्से तर मी मोजणं सोडून दिलंय. प्रश्न दर वेळी तोच, घाबरगुंडी तीच, आणि चुकाही त्याच. त्यातली सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलेली आहे, ती पुढे सांगतेच. एकदा सगळं नीट लिहून ठेवलं म्हणजे फोनवर पहिल्यापासून सांगायला नको.

हे सगळं अमेरिकेच्या पूर्वेकडच्या भागात सर्रास दिसणाऱ्या ईस्टर्न कॉटनटेल या रानसशाबद्दल आहे. आपल्याकडच्या सशाची गोष्ट वेगळी, त्याबद्दल शेवटाकडे लिहिलंय.

लक्षणं

- लॉनच्या अगदी मधोमध, उघड्यावर, बशीएवढं वाळक्या गवताचं ठिगळ. लांबून वाटतं, तेवढंच गवत जळलंय.
- त्या गवतात पिंजलेल्या कापसासारखे मऊ राखाडी-पांढरे केस.
- ते झाकण बाजूला केलं तर खाली चार-पाच इंच खोल खळगा आणि त्यात एकमेकांना चिकटून झोपलेली चार-पाच पिल्लं.
- आई कुठेही नाही. दिवसभर खिडकीत बसून राहिलात तरी नाही.
- कुत्रा रोज त्याच एका जागी जाऊन हुंगतोय.
- किंवा घरटं नाहीच, पण झुडपाखाली मुठीएवढं एकटंच पिल्लू, तुम्हाला बघून दगडासारखं गोठलेलं.

"आई टाकून गेली" असा निष्कर्ष लोक चौथ्या लक्षणावरून काढतात आणि तिथूनच सगळं बिघडतं. कॉटनटेलची आई दिवसा पिल्लांजवळ थांबतच नाही. संध्याकाळी अंधारताना आणि पहाटे, अशी दिवसातून एक-दोनदा येते, चार-पाच मिनिटं पाजते, गवत पुन्हा ओढून झाकते आणि जाते. ती जवळ बसून राहिली तर कोल्हा, मांजर, ससाणा, सगळ्यांना आयता पत्ता मिळेल. पिल्लांना वास जवळजवळ नसतो, आईला असतो. म्हणजे तिचं लांब राहणं हीच पिल्लांची राखण. दूधही असं घट्ट आणि स्निग्ध असतं की चार मिनिटांच्या पाजण्यावर पिल्लू दिवस काढतं.

उघड्यावर, मधोमध का, हा पुढचा हमखास प्रश्न. मला वाटतं, पाजताना तिला चारी बाजू दिसायला हव्या असतात. पण तिला विचारायची सोय नाही.

पहिली तपासणी: हात मागे, झाकण जागेवर

याला ना पैसा लागतो ना अक्कल, तरी सगळ्यात अवघड हीच जाते. गवत-केसांचं झाकण होतं तसं परत ठेवा आणि दहा पावलं मागे या. मुलांनाही मागे घ्या. झाकण उघडं राहिलं तर पिल्लं गारठतात. पहिले काही दिवस त्यांच्या अंगावर लव जेमतेम असते, आणि ऊब धरून ठेवायला आईने स्वतःच्या पोटाचे उपटून घातलेले ते केस हेच त्यांचं पांघरूण.

हात लागला असेल तर जीव टांगणीला लावून बसू नका. माणसाचा वास लागला की आई पिल्लांना टाकते, ही समजूत खोटी आहे. मात्र म्हणून हाताळतही बसू नका. भीतीने सशाचं पिल्लू दगावू शकतं, आणि रानसशांकडून माणसाला टुलॅरेमिया नावाचा ताप येऊ शकतो. हात लावणं भागच असेल तर हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा.

दुसरी तपासणी: पिल्लाचं वय

निम्म्या फोनांचा निकाल इथेच लागतो, म्हणून ही आधी. नुसतं बघायचं:

डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, अंगावर लव विरळ: आठवड्याच्या आतलं. अंगावर दाट केस पण अजून खळग्यात: एक-दोन आठवड्यांचं. डोळे उघडे, कान ताठ, अंगाने टेनिसच्या चेंडूएवढं, तुम्हाला बघून पळणारं किंवा गोठून बसणारं: तीन आठवड्यांच्या आसपासचं, आणि ते स्वतंत्र आहे. त्याला आई नको, तुम्हीही नको.

लोकांना हे पटत नाही. एवढंसं पिल्लू, एकटं, आणि आपण नुसतं सोडून द्यायचं? हो. कॉटनटेलची पिल्लं पंधरा ते वीस दिवसांत घरटं सोडतात, आईला तोवर बहुधा पुढची पिल्लं पोटात असतात (तिचे दिवस भरायला जेमतेम चार आठवडे लागतात), आणि एवढ्याशा वयात ती गवत खाऊन राहतात. गेल्या वर्षी एका मुलाने असं पिल्लू शाळेच्या डब्यात घालून माझ्याकडे आणलं होतं. डबा उघडताक्षणी त्याने माझ्या स्वयंपाकघराला तीन फेऱ्या मारल्या आणि फ्रीजमागे गेलं. बाहेर काढायला दीड तास लागला. अनाथ प्राणी असं पळत नाही. ज्या झुडपाखालून उचललं तिथेच ते परत सोडून आलो.

तेव्हा पिल्लू या गटातलं असेल, अंगावर जखम नसेल, कुत्र्या-मांजराच्या तोंडात गेलेलं नसेल, तर इथेच थांबा. काम संपलं.

तिसरी तपासणी: चार काड्या, एक रात्र

घरटं शाबूत आहे, पिल्लं लहान आहेत, पण आई येते की नाही याची खात्री नाही, अशा वेळी ही चाचणी. खर्च शून्य, वेळ एक रात्र.

झाकलेल्या घरट्यावर चार बारीक वाळक्या काड्या फुल्ली-गोळा खेळताना आखतो तशा आडव्या-उभ्या ठेवायच्या. लोकरीचे तुकडे चालतात, पण ते पिल्लांच्या पायात गुंतू नयेत म्हणून मला काड्याच बऱ्या वाटतात. (उदबत्तीच्या उरलेल्या काड्या नकोत. नाकावर जगणाऱ्या प्राण्याच्या दारात मोगऱ्याचा घमघमाट कशाला?) ठेवल्यावर फोनमध्ये फोटो काढून ठेवा, नाहीतर सकाळी "ही काडी अशीच होती का?" यावर घरात भांडण ठरलेलं. मग घरात जा, कुत्र्याला आत ठेवा, त्या बाजूचा दिवा बंद करा.

दुसऱ्या दिवशी चांगलं उजाडल्यावर बघायचं. काड्या हललेल्या असतील आणि झाकण जागेवर असेल तर आई येऊन गेली. मी आजवर लावलेल्या चाचण्यांत बहुतेक वेळा काड्या हललेल्याच सापडल्यात.

एकदा जूनमध्ये मी स्वयंपाकघरातला दिवा मालवून खिडकीत बसले होते. साडेआठ होऊन गेले होते, सूर्य नुकताच बुडालेला. कुंपणापाशी एक राखाडी गोळा दिसला, तो दहा मिनिटं जागचा हलला नाही. मग चार उड्या, पुन्हा थांबणं, पुन्हा चार उड्या. घरट्यावर येऊन ती नुसती उभी राहिली, बसली नाही, आणि कान सारखे फिरत होते. खाली गवत हलताना दिसत होतं. कुकरची एक शिट्टी होईस्तोवर आटोपलं. मग पुढच्या दोन पायांनी तिने गवत भराभर ओढून थापलं, आपण पोळीच्या पिठावर फडकं टाकून दाबतो तसं, आणि गेली. मी आदल्या दिवशी त्याच घरट्यावर काड्या ठेवल्या होत्या. ही कशाची चाचणी आहे ते मला त्या संध्याकाळी कळलं.

काड्या अजिबात हलल्या नसतील तरी लगेच निकाल देऊ नका. क्वचित ती कडेने अलगद तोंड घालून काम भागवते. उलटही होतं, आतून पिल्लांनीच धक्का मारून काड्या पाडलेल्या असतात. म्हणून पुढची तपासणी.

चौथी तपासणी: पोट आणि ऊब

इथे हात घालावा लागतो, म्हणून ही तिसरीनंतर. आणि एकदाच करायची, दर तासाला नाही. हातमोजे घालून झाकण बाजूला करा आणि कडेच्या एका पिल्लाला बोट लावा.

ठीक असलेलं पिल्लू कोमट लागतं, पोट गोल असतं, कातडी गुलाबीसर आणि ताणलेली. अगदी कोवळ्या पिल्लाच्या पातळ कातडीतून पोटातलं दूध पांढरा पट्टा दिसावा तसं दिसतं. असं असेल तर काड्या काही का सांगेनात, आई येतेय. झाका आणि निघा.

बिघडलेलं पिल्लू गार लागतं, पोट आत गेलेलं असतं, कातडीला सुरकुत्या. मानेमागची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली तर ती लगेच बसत नाही, घडी तशीच राहते. म्हणजे अंगातलं पाणी आटलंय. काड्या हललेल्या नाहीत आणि पिल्लं अशी गार-सुकलेली, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच "आई नाही" असं म्हणायचं. रस्त्याच्या कडेला मेलेली सशीण दिसली म्हणून तीच यांची आई, असं धरून चालू नका. एका वस्तीत सशीण काय एकच असते?

पाचवी तपासणी: घरटं मोडलंय का?

गवत कापायचा मोअर वरून गेला, कुत्र्याने उकरलं, पावसात पाणी साचलं. पिल्लांना जखम नसेल तर हे घरच्या घरी दुरुस्त होतं.

जागा बदलायची नाही, हा एकच नियम. लोक पिल्लं उचलून "सुरक्षित" म्हणून कुंपणाच्या कोपऱ्यात नेतात. आई तिच्या ठरलेल्या जागी येते, खळगा रिकामा बघते आणि जाते. मग पिल्लं खरोखरच अनाथ होतात, आणि ती आपण केलेली असतात. जुना खळगा वापरता येत नसेल तर त्याच्या लगत, दोन-तीन हातांच्या आत, तेवढाच खोल नवा खळगा करा. जुनं गवत आणि विशेषतः ते केस गोळा करून तळाशी आणि वर घाला, कमी पडलं तर वाळकं गवत. विखुरलेली पिल्लं शोधून आत ठेवा, झाका, काड्या लावा आणि रात्र जाऊ द्या. पाणी साचलं असेल तर पिल्लं कोरड्या टॉवेलच्या खोक्यात घेऊन पाणी ओसरल्यावर तिथेच परत ठेवायची, आणि अंधार पडायच्या आत.

कुत्रा पाळलेल्या घरांसाठी: कपड्यांची प्लास्टिकची जाळीदार टोपली घरट्यावर पालथी घाला आणि वर वीट ठेवा. पण फक्त कुत्रा अंगणात असेल तेवढा वेळ. अंधारायच्या आत ती काढलीच पाहिजे, नाहीतर आई बाहेर आणि पिल्लं आत, अशी ससेहोलपट होईल. (हा शब्द कुठून आला ते त्या रात्री एका मैत्रिणीला नीट समजलं. टोपली काढायला ती विसरली आणि पहाटे साडेपाचला नाइटीवर अंगणात धावली.) संध्याकाळी आणि पहाटे कुत्र्याला पट्ट्यावरच बाहेर न्या.

मोअरसाठी घरट्यापासून चौफेर दहा-एक फूट गवत राखा, दोन-तीन हातांवर झेंडी लावा, आणि गवत कापायला माणूस येत असेल तर त्याला तोंडाने सांगा. नुसत्या झेंडीवर विसंबू नका. त्या भागात फवारणी नको, स्प्रिंकलर बंद. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. डोळे उघडलेली पिल्लं असतील तर एक-दोन आठवड्यांचाच.

इथे थांबायचं आणि फोन करायचा

यातलं काहीही एक दिसलं तर घरगुती उपाय बंद:

- मांजराच्या तोंडातून सुटलेलं पिल्लू, जखम दिसो वा न दिसो. मांजराच्या दातांतले जंतू सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून आत जातात आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. त्याला अँटिबायोटिक लागतं, तेही सशाला चालणारं. आपल्या घरातल्या गोळ्या नव्हेत.
- रक्त, लोंबणारा पाय, मोअरची जखम.
- अंगावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे. ती माश्यांची अंडी. उन्हाळ्यात काही तासांत त्यांच्या अळ्या होतात.
- चौथ्या तपासणीत गार आणि सुकलेली निघालेली पिल्लं.
- आई मेली हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

फोन करायचा तो वाइल्डलाइफ रिहॅबिलिटेटरला, म्हणजे जंगली प्राणी सांभाळायचा सरकारी परवाना असलेल्या माणसाला. न्यू जर्सीच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याकडे त्यांची यादी असते. अ‍ॅनिमल हेल्प नाऊ या संकेतस्थळावर आपल्या भागातले नंबर सापडतात. सगळे जण ससे घेत नाहीत, त्यामुळे आधी फोन, मग गाडी. कुत्र्या-मांजरांचा नेहमीचा डॉक्टर जंगली प्राणी बहुधा घेत नाही, पण कोण घेतं ते त्याला ठाऊक असतं. परवान्याशिवाय रानससा घरी ठेवणं इथे कायद्यात बसत नाही, हेही मुलांना आधीच सांगून ठेवा. म्हणजे नाव ठेवायचा कार्यक्रम होत नाही.

पोचवेपर्यंत: बुटांचं खोकं, भोकं आधी पाडून घ्यायची, आत मऊ फडकं. एका मोज्यात कोरडे तांदूळ भरून मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर गरम करा, गालाला लावून सोसतंय ना बघा, फडक्यात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवा. उकडलं तर पिल्लाला दुसऱ्या अर्ध्यात सरकता आलं पाहिजे. अंधारी, शांत खोली. टीव्ही नको, भाचरंडं नकोत.

आणि खायला-प्यायला काहीही नाही. दूध नाही, पाणी नाही, गाजर तर नाहीच.

हे मी एवढं ठासून का लिहिलंय ते सांगते. या घरातल्या पहिल्या वसंतात मला चार पिल्लं सापडली. दुपारभर आई दिसली नाही, म्हणून मी ती घरात आणली. गाईचं दूध कोमट केलं, पाणी घातलं, लेकीच्या औषधाचा ड्रॉपर उकळून घेतला. बाळंतपणं बघितलेली बाई मी, एवढंसं पिल्लू पाजता येणार नाही? पहिल्या पिल्लाने दोन थेंब घेतले आणि तिसऱ्याला त्याच्या नाकपुडीवर दुधाचा एक बारीक बुडबुडा आला. मला ते गोंडस वाटलं. दूध फुप्फुसात गेलंय, हे मला तेव्हा कळलं नाही. ते पिल्लू रात्रीच गेलं. बाकीच्यांची पोटं दुसऱ्या दिवशी फुगली, कारण गाईचं दूध त्यांना पचत नाही. तिसऱ्या दिवशी एकाला घेऊन मी रिहॅबिलिटेटर बाईंकडे पोचले. त्या रागावल्या नाहीत. "घरटं कुठे होतं?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि आई येते की नाही ते काड्या ठेवून कसं बघायचं ते दाखवलं. चाळीस मैल गाडी चालवत परत येताना मला एकच दिसत होतं: संध्याकाळी ती येऊन रिकाम्या खळग्याशी उभी राहिली असेल. अनुभवी हातांतही ही पिल्लं सहज दगावतात. आपण तर ड्रॉपर घेतलेले हौशी.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी

माझं माहेर बार्शीकडचं. ज्वारी काढताना तिथे सशाची पिल्लं सापडायची, आणि माझी पहिली चूक त्या आठवणीतूनच आली. आपल्याकडचा रानससा इंग्रजीतला रॅबिट नव्हे, हेअर. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडलेली असतात, खळगा-बिळगा काही नाही, तशीच गवतात दबून बसतात. म्हणून इथली लवहीन, आंधळी पिल्लं बघितल्यावर मला ती "अर्धवट" वाटली, काहीतरी बिघडलंय असं वाटलं. ती तशीच असतात. पण आईचं दिवसा लांब राहणं दोन्हीकडे सारखंच. रानात पिल्लू एकटं दिसलं तर उचलू नका. कापणीचं यंत्र त्याच पट्ट्यात येत असेल तर फडक्याने धरून लगतच्या बांधावर गवतात ठेवा आणि लांब व्हा. जखमी असेल तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ससा घरी पाळता येत नाही, पिंजऱ्यात मिळतात ते विलायती ससे वेगळे.

पुन्हा होऊ नये म्हणून

पूर्ण बंदोबस्त होत नाही, तो नाद सोडा. मार्च ते सप्टेंबर दर वेळी गवत कापण्याआधी एक फेरी चालत मारायची, हातात काठी, नजर वाळक्या ठिगळांवर. पाच मिनिटांचं काम आहे. पिल्लं निघून गेल्याची खात्री झाली की खळगा मातीने भरा.

भाजीच्या वाफ्याला कुंपण घालणार असाल तर दोन फूट उंच, इंचाहून बारीक भोकाची जाळी, तळाशी सहा इंच मातीत पुरलेली. आणि जाळी ठोकण्याआधी वाफा बघून घ्या. मी या मे महिन्यात मेथीसाठी चारही बाजू पक्क्या बांधल्या, दुसऱ्या दिवशी पेरायला गेले तर मधोमध वाळकं गवत आणि पिंजलेला कापूस. सशीण बाहेरच्या बाजूने जाळीला नाक लावून गेली असावी, मातीत पावलं उमटली होती. एका बाजूची जाळी सोडवून गुंडाळून ठेवली, काड्या लावल्या, सकाळी त्या हललेल्या होत्या. मेथी जूनमध्ये पेरली.